डोंगराचं नाव आधी, आपलं नाव मागनं

(जागतिक आदिवासी दिनाच्या मेळाव्यात ९ ऑगस्ट २००८ रोजी संघटनेच्या वतीनं केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत. वाडीवर कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं.)



भरपावसात, नाचणीची आवणी अर्धी टाकून तुम्ही डोंगरावरनं उतरून आलात. पेणहून आलात, रोह्याहून आलात, मुरूड-म्हसळ्याकडची माणसं तर पहाटेच निघाली. तेव्हा फार लांबण लावत नाही. पण आज जरा लांबची गोष्ट सांगायची आहे. समुद्रापलीकडची.

दरवर्षी ९ ऑगस्ट आला की आपल्याला बोलावणं येतं. नाच घेऊन या, ढोलकी आणा, बायकांना काष्टा नेसवून आणा. आपण जातो, नाचतो, लोक फोटो काढतात, आपली संस्कृती फार थोर आहे असं भाषण होतं. दुसऱ्या दिवशी तीच बाई मोळीला रानात गेली की गार्ड तिची कोयती काढून घेतो. नाच थोर आणि नाचणारी चोर, असा हा हिशेब आहे. ही संस्कृती म्हणतात ती नक्की काय वस्तू आहे, आणि जमिनीच्या लढाईत तिचा काय उपयोग, याचा विचार आम्ही गेल्या शिबिरात केला. तिथं एका साथीनं न्यूझीलंड देशातल्या माओरी लोकांची चित्रं दाखवली आणि त्यांची हकिगत सांगितली. ती ऐकून आम्हाला आपल्याच वाडीची आठवण झाली. म्हणून ती तुमच्यापुढं मांडतो.

माओरी हे त्या देशाचे मूळ रहिवासी. गोरे येण्याच्या कितीतरी शतकं आधी मोठमोठ्या होड्यांतून समुद्र ओलांडून ते तिथं आले. आज त्या देशातल्या साधारण सात माणसांत एक माओरी आहे. त्यांच्या प्रत्येक जमातीला ठाऊक असतं की आपले पूर्वज कुठल्या होडीतनं उतरले. पोथी नव्हती, लिहिणं नव्हतं. सगळं तोंडपाठ. बापाचा बाप, त्याचा बाप, अशा वीस-वीस पिढ्या म्हातारी माणसं न अडखळता सांगतात.

त्यांच्यात माणूस सभेत उभा राहिला की ओळख कशी देतो? आधी आपल्या डोंगराचं नाव सांगतो. मग नदीचं. मग होडीचं, जमातीचं. स्वतःचं नाव सगळ्यांत मागनं. आपल्याला तहसीलदार विचारतो, तुझं नाव काय, कुठल्या गावचा, सातबारा आहे का? सातबारा नसला की आपण मान खाली घालतो. आपणही असं सांगायला पाहिजे होतं की, साहेब, आमचा डोंगर सागरगड, आमची नदी अंबा, आम्ही कातकरी, आमचा आजा अमुक, आणि मग मी. डोंगर ज्याचा त्याला गाव विचारायचं कारण काय!

त्यांच्या गावात एक मोठं सभेचं घर असतं. ते घर म्हणजे त्यांचा पूर्वजच. आढं म्हणजे त्याचा कणा, वासे म्हणजे बरगड्या, दर्शनी बाजूला दोन्हीकडं उतरलेल्या फळ्या म्हणजे पसरलेले हात. आतल्या खांबांवर पूर्वजांच्या मूर्ती कोरलेल्या. म्हणजे सभेला बसायचं ते आजोबाच्या पोटात बसायचं. तिथं मयताचा दुखवटा होतो, भांडण तुटतं, पाहुण्याचं स्वागत होतं. स्वागत करताना नाकाला नाक लावतात आणि एकमेकांचा श्वास घेतात.

आता एक गोष्ट आयाबायांनी नीट ऐकावी. माओरी भाषेत जमिनीला शब्द आहे फेनुआ. आणि बाळंतपणात बाळामागनं जी वार पडते, तिलाही शब्द फेनुआच. दोन्हीला एकच नाव. बाळ जन्मलं की ती वार आपल्या पूर्वजांच्या जमिनीत नेऊन पुरायची, अशी त्यांची रीत. आपल्यात सुईण काय करते? वार न् नाळ घराजवळ पुरते. जिथं नाळ पुरली तिथं माणूस मरेपर्यंत ओढ घेतो, असं आपली म्हातारी माणसं सांगतात. हल्ली बाळंतपण दवाखान्यात होतं, ते चांगलंच आहे, बाई वाचते. पण चार हजार कोसांवरचे लोक आणि आपण, कधी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, तरी जमिनीचं नातं दोघांनी एकाच जागी बांधलं. हे काय कुणी शिकवून होत नाही.

त्यांच्या बायका एका लांब पात्याच्या झाडापासून चटया, टोपल्या, अंगावरची वस्त्रं विणतात. त्या झाडाचं पान तोडायची रीत आहे. मधला कोवळा कोंब म्हणजे मूल, त्याच्या दोन बाजूंची पानं म्हणजे आईबाप. या तिघांना हात लावायचा नाही, फक्त बाहेरची पानं घ्यायची. आपल्या बाया करांदा खणतात तेव्हा काय करतात? कंद काढला की त्याचा माथा परत मातीत दाबतात. पुढल्या साली पुन्हा येऊ दे. शेवळं, भारंगी, टाकळा आपण पेणच्या, अलिबागच्या बाजारात विकतो, पण मुळासकट उपटून आणत नाही. फॉरेस्टच्या कागदावर याला अतिक्रमण म्हणतात. मूळ राखणारा अतिक्रमण करणारा, आणि अख्खा डोंगर पोखरून खडी काढणारा विकास करणारा!

मोठं झाड तोडायच्या आधी माओरी सुतार रानाच्या देवाची परवानगी मागतो. आपण वाघबारशीला वाघदेव पुजतो, कितीतरी वाड्यांत नवी भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. लोक याला अंधश्रद्धा म्हणतात. आम्ही म्हणतो, हा रानाचा कायदा आहे. १८७८ चा इंग्रजांचा जंगल कायदा येण्याच्या कितीतरी आधीचा.

आणखी एक. माओरी लोकांत तोंडावर गोंदायची चाल आहे. प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या, त्यातनं कूळ कळतं, मान कळतो. आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदण आहेच. सगळे दागिने इथं राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या म्हणतात. ही गोंदणाची गोष्ट लक्षात ठेवा, आता पुढं लागणार आहे.

६ फेब्रुवारी १८४० ला वाइतांगी नावाच्या जागी इंग्रजांनी माओरींच्या नाईकांशी करार केला. पुढच्या काही महिन्यांत पाचशेच्या वर नाईकांनी त्यावर सह्या केल्या. लिहिता येत नव्हतं त्यातल्या कितीकांनी सही म्हणून आपल्या चेहऱ्यावरच्या गोंदणाची रेघ कागदावर काढली. म्हणजे अक्षरशः स्वतःचं तोंड करारावर ठेवलं. पण करार दोन भाषांत होता. माओरी कागदात लिहिलं होतं की जमिनीवर, गावांवर आणि सगळ्या मोलाच्या वस्तूंवर नाईकांचीच पूर्ण सत्ता राहील, इंग्रज फक्त कारभार बघतील. इंग्रजी कागदात लिहिलं होतं की सगळं राज्यच इंग्रजांच्या राणीला दिलं. ऐकायला एक, लिहायला एक. साथींनो, हे आपल्याला नवीन आहे का? सावकारानं तोंडानं एक सांगितलं आणि कागदावर दुसरं लिहून अंगठा घेतला, ही गोष्ट आपल्या प्रत्येक वाडीत आहे. वीटभट्टीचा मुकादम उचल देताना एक आकडा सांगतो आणि मे महिन्यात वहीत दुसराच निघतो.

त्याच्या पुढचं जास्त ध्यानात घ्या. माओरींची जमीन सगळ्या जमातीची मिळून होती. एकट्याची नव्हती, म्हणून विकत घेता येत नव्हती. मग १८६५ मध्ये सरकारनं जमिनीचं कोर्ट काढलं. कोर्ट म्हणालं, या जमिनीचे मालक कोण, नावं सांगा. एका तुकड्यावर जास्तीत जास्त दहा नावं. मागं शेकडो माणसं उभी, पण कागदावर दहा. कोर्टासाठी शहरात जायचं, महिनोन् महिने राहायचं, मोजणीचा खर्च द्यायचा, खाण्याची उधारी व्हायची. उधारी फेडायला त्या दहांनी जमीन विकली आणि उरलेल्यांना कळलंसुद्धा नाही. लढाईत जेवढी गेली नाही तेवढी जमीन कागदानं गेली.

आता आपल्याकडं बघा. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा. इंग्रजांच्या काळात फॉरेस्टनं कातकऱ्यांना, ठाकरांना रानात दळी जमिनी दिल्या. राब भाजायचा, नाचणी-वरी पिकवायची, पट्टी भरायची. कितीतरी दळ्या एका नाईकाच्या नावावर, आणि कसणारी घरं दहा-वीस. नाईक मेला, पुस्तक हरवलं, कुणाच्या पेटीत कसरीनं खाल्लं. स्वराज्य आलं तरी दळी ना महसूलची झाली ना आपली झाली. महसूलवाले म्हणतात फॉरेस्टकडं जा, फॉरेस्टवाले म्हणतात तू कोण? माओरींची दहा नावं आणि आपला एक नाईक, गोष्ट तीच.

आपलं नावच बघा ना. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात पाडायचा, म्हणून आपण कातकरी. खैर तोडायला बंदी झाली, धंदा गेला, नाव राहिलं. याच कातासाठी आपली माणसं पार राजस्थानात उदयपूरच्या झाडोल-कोटडा भागात नेली गेली. तिथं त्यांना कथोडी म्हणतात. तिथल्या रानातही कात संपला. पण ती माणसं अजून थाळीवर काडी उभी करून तिच्यावरनं बोटं ओढतात आणि मयताला गातात. जमीन नाही, धंदा नाही, पण ही वळणं त्यांच्या हातातनं गेली नाहीत. त्यावरनंच आपण त्यांना ओळखू.

माओरी मग गप्प बसले का? नाही. १९७५ साली फिना कूपर नावाची एक आजी उठली. वय ७९. देशाच्या उत्तर टोकापासून ती चालायला लागली. आता एक एकरही जाऊ द्यायचा नाही, एवढीच घोषणा. महिनाभर चालून, हजारेक किलोमीटर तुडवून मोर्चा राजधानीत संसदेसमोर पोचला, तेव्हा पाच हजारांच्या आसपास माणसं झाली होती. वाटेत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावच्या सभाघरात मुक्काम. म्हणजे पूर्वजाच्या पोटात झोपायचं आणि सकाळी उठून चालायचं. त्यांची संस्कृती त्यांना अशी कामाला आली.

१९७६ मध्ये ऑकलंड शहरात समुद्राकाठची त्यांची जमीन मोठ्या बंगल्यांसाठी द्यायचं ठरलं. माणसं जाऊन तिथं बसली. पाचशे सहा दिवस बसली. शेवटी पोलीस आणि लष्कर आणून २२२ जणांना पकडलं. पण दहा वर्षांनी सरकारला ती जमीन परत द्यायचं कबूल करावं लागलं. पेण-उरण-पनवेलात सेझवाल्यांशी आपले शेतकरी भाऊ आज भांडतायत, त्यांनाही ही गोष्ट सांगा.

तिकडं १९७५ मध्येच त्या जुन्या कराराची तक्रार ऐकायला एक न्यायमंडळ नेमलं होतं. १९८५ पासून त्याला थेट १८४० पर्यंत मागं जाऊन चौकशी करायची मुभा मिळाली. तिथं म्हातारी माणसं जबानी देतात. पिढ्या म्हणून दाखवतात. या ओढ्यात आम्ही मासा धरायचो, या टेकडीवर आमची मयतं पुरली, असं सांगतात, गाणी म्हणतात, आणि ते लिहून घेतलं जातं. त्यांच्या पोरांना शाळेत माओरी बोललं की मार मिळायचा. भाषा मरायला टेकली होती. मग १९८२ पासून आज्यांनी लहान पोरांच्या बालवाड्या काढल्या, तिथं फक्त माओरी बोलायचं. त्यांच्या भाषेत त्याचं नाव होतं भाषेचं घरटं. १९८७ ला ती राजभाषा झाली. आपली पोरं आश्रमशाळेत कातोडी बोलायला लाजतात, याचा विचार करा.

आणि अगदी ताजी बातमी. गेल्या जून महिन्यात तिथल्या जमातींनी एकत्र येऊन सरकारशी करार केला आणि १ लाख ७६ हजार हेक्टर जंगलजमीन परत मिळवली. त्यावर सरकारनं लावलेली पाइनची झाडं आहेत, जशी आपल्या रानात सागाची लावली. पण जमीन परत आली.

तिथं सगळं गोड झालंय असं आम्ही सांगत नाही. त्या देशातल्या तुरुंगांत निम्मे कैदी माओरी आहेत. गेल्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांनी मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा केला तेव्हा विरोधात मत देणारे चारच देश होते, त्यात न्यूझीलंड एक. त्यांचा नाच खेळाच्या मैदानावर सगळं जग टाळ्या वाजवून बघतं, आणि हक्काची गोष्ट निघाली की सरकार हात आखडतं. आपल्यासारखंच.

आता आपल्या कामाचं बोलू. वनहक्काचा कायदा २००६ ला झाला आणि त्याचे नियम या १ जानेवारीपासून लागू झाले. आदिवासींनी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसलेली जमीन, चार हेक्टरपर्यंत, नवराबायको दोघांच्या नावावर मागता येते. साहेब लोक म्हणतात, पुरावा आणा, दंडाची पावती आणा. पावती असेल तर जरूर आणा. पण नियम १३ वाचा, नाहीतर वाचून घ्या. त्यात काय लिहिलंय? जुनी विहीर, मसणवटा, देवाची जागा हा पुरावा. वंशावळ हा पुरावा. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाची लिहून घेतलेली जबानी हा पुरावा. जुन्या संस्थानातला कागद हा पुरावा. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन ही जंजिऱ्याच्या नवाबाची होती, तिथल्या माणसांनी घरात कागद शोधावेत. यातले निदान दोन पुरावे जोडायचे.

आणि सामूहिक हक्कासाठी? कंदमुळं कुठं काढतो, गुरं कुठं चारतो, मासे-चिंबोऱ्या कुठं धरतो, वैदू पाला कुठनं आणतो, देवराई कुठं, पवित्र झाड कुठलं, हे सगळं चालतं. म्हणजे ज्याला ते भाषणात संस्कृती म्हणतात आणि रानात अतिक्रमण म्हणतात, त्याला हा कायदा पुरावा म्हणतो. नाचायला बोलावणाऱ्यांना आता आपण सांगायचं, आमचा वाघोबा नाचात नाही, दाव्याच्या कागदावर पण येणार आहे.

इथं माओरींची ती दहा नावांची गोष्ट पुन्हा आठवा. आपल्या कायद्यात मिळालेली जमीन विकता येत नाही, ते बरं आहे. पण आपण फक्त ज्याचा त्याचा तुकडा मागितला आणि डोंगर मागायचा राहिला, तर कंद कुठं खणणार, गुरं कुठं सोडणार? पुन्हा तुकड्याभोवती फॉरेस्टचं कुंपण. म्हणून प्रत्येक वाडीनं एकेकट्याचा दावा करायचा आणि त्याच्याबरोबर सगळ्यांचा सामूहिक दावाही करायचा. कातकरी आदिम जमातीत मोडतात, त्यांना या कायद्यात अधिवासाचा वेगळा हक्क आहे. तोही सोडायचा नाही. आणि दळीवाल्यांनो, जुन्या पट्ट्याचा पक्का हक्क करून घ्यायची सोय कलम ३ मध्ये आहे. दळीचा दावा लिहिताना नाईकाबरोबर कसणाऱ्या प्रत्येक घराचं नाव आलं पाहिजे, विधवा बाईचंसुद्धा.

एक अडचण आहे. आपला रायगड पाचव्या अनुसूचीत येत नाही. ग्रामसभा भरते ती मोठ्या गावात, तिथं आपण मूठभर. म्हणून सभेला घरात थांबायचं नाही. वनहक्क समितीत दहा ते पंधरा माणसं घ्यायची असतात, त्यात निदान एक तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश बायका हव्यात. आपल्याला न विचारता नावं लिहिली तर तिथंच उभं राहून हरकत घ्या.

दिवाळीनंतर अर्धी वाडी भट्टीवर जाईल. घरात राहतील म्हातारी माणसं आणि पोरं. म्हणून हे काम आत्ता, पावसातच करायचं. प्रत्येक वाडीनं चार गोष्टी करा. एक, सगळ्यांत म्हाताऱ्या बाई आणि बाप्याला मध्ये बसवा आणि त्यांच्या पिढ्या लिहून घ्या. सातवी-आठवीतल्या पोरीला वही द्या, ती लिहील. दोन, त्यांना धरून रानात फिरा. जुनी विहीर, जोतं, मसणवटा, देवाचा दगड, शेवळाची जागा, निवटे धरायची खाडी, सगळ्याची नावं लिहा. आपल्याच बोलीतली नावं लिहा, नकाशात काय छापलंय ते बघू नका. तीन, कागदावर वाडीचा नकाशा काढा, वाकडातिकडा चालेल. चार, दळीचं पुस्तक, जुनी पावती, रेशनकार्ड जे मिळेल त्याची झेरॉक्स करून मूळ कागद घरात ठेवा. मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही, आमच्याही नाही.

म्हातारी माणसं थांबणार नाहीत. प्रत्येक पावसाळ्यात एकदोन जातातच. एक आजी गेली की तिच्याबरोबर दहा झऱ्यांची नावं जातात, आणि मग त्या झऱ्यावर आपला हक्क सांगायला माणूस उरत नाही. गोंदणासारखं ते तिच्या अंगाबरोबर जातं. तेवढं आधी वहीत उतरवून घ्या.

पुढच्या महिन्यात २५ सप्टेंबरला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाला ७८ वर्षं होतील. आक्कादेवीच्या रानात गोळीबार झाला, त्या हुतात्म्यांत आपला नाग्या कातकरी होता. त्याच्या स्मारकावर हार घालायला सगळेच येतात. आपण या वेळी हारासोबत वह्या घेऊन जाऊ. जितक्या वाड्यांच्या वह्या पुऱ्या झाल्या तितक्या नाग्यापुढं ठेवू, आणि तिथनं दावे घेऊन निघू. त्या दिवशी प्रत्येक वाडीचा एक माणूस उभा राहील आणि आधी आपल्या डोंगराचं नाव सांगेल, मग नदीचं, मग जमातीचं. स्वतःचं नाव मागनं.

आतापासनं पाठ करायला लागा.

जंगल जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!